देणगीचा शब्द दिला आणि आता नाही म्हणतात, कायद्याने काही करता येतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ग्रुपवर कोणी वकील असतील तर प्लीज सांगा. आमच्या गावात मुलांसाठी अभ्यासिका बांधतोय, मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितलं की स्लॅबचे दोन लाख माझे, तुम्ही काम सुरू करा, नंतर व्हॉट्सॲपवर पण तसाच मेसेज टाकला, त्या भरवशावर आम्ही कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं, सळई सिमेंट उधारीवर आलं, स्लॅब पडला आणि आता ते म्हणतात मी कुठे लिहून दिलं होतं.

थोडं वाचलं त्यावरून एवढं कळलं की १८७२ च्या करार कायद्यात मोबदला नसेल तर नुसतं वचन सहसा कोर्टात टिकत नाही, कलम २५ मध्ये काही अपवाद आहेत, पण ते आम्हाला लागू होतील असं वाटत नाही. मात्र १८८६ ची हावडा टाऊन हॉलची केस सापडली, त्यात वर्गणीचे १०० रुपये कबूल केले होते आणि त्या भरवशावर बांधकामाचं कंत्राट दिलं गेलं म्हणून कलकत्ता हायकोर्टाने ते द्यायला लावले. याउलट १९१४ ला अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीसाठी ५०० रुपये कबूल केलेले, पण काम सुरूच झालं नव्हतं म्हणून दावा फेटाळला. आमचं तर पहिल्यासारखंच आहे ना? "काम सुरू करा" हे त्यांचेच शब्द आहेत.

तो व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून चालेल का, त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं का? आणि आमची समिती रजिस्टर नाहीये, मग नोटीस कोणाच्या नावाने पाठवायची?