डॉ. आंबेडकरांच्या अर्थशास्त्रातील पदव्यांचा नेमका क्रम, आणि त्यानंतरचे अर्थशास्त्र

खडूफळा :

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अर्थशास्त्राचे शिक्षण आणि या विषयातील त्यांची कारकीर्द यांवर एक तासिका घ्यायचे ठरवून तयारीला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना कोणी १९१६ साली मिळाल्याचे लिहितो, कोणी १९१७ साली, तर कोणी १९२७ साली. प्रबंधाची नावेही दोन सापडतात. लंडनच्या एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या पदव्या विज्ञान शाखेच्या आहेत असे एका विद्यार्थ्याने गृहीत धरले होते आणि त्याची चूक दुरुस्त करताना मीही थोडा चाचपडलो, हे कबूल करतो.

आणखी दोन शंका आहेत. १९२५ च्या सुमारास त्यांचे अर्थशास्त्रावरील मोठे लेखन संपते आणि पुढे वकिली, सत्याग्रह, राजकारण सुरू होते. मग त्यांनी हा विषय सोडून दिला असे म्हणावे का? आणि ‘त्यांच्या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली’ हे वाक्य वर्गात सांगावे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पोथीशाळा :

पदव्यांचा घोळ सुटण्यासारखा आहे. अभ्यास पूर्ण होणे, प्रबंध सादर होणे, तो छापला जाणे आणि पदवी प्रत्यक्ष बहाल होणे या चार गोष्टींच्या तारखा त्यांच्या बाबतीत फार लांब लांब पडल्या आहेत आणि प्रत्येक चरित्रकाराने आपल्याला सोयीची तारीख उचलली आहे.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. ही शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि तिच्या बदल्यात पुढे दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यांवरचा त्यांचा छोटा प्रबंध याच सुमाराचा आहे. जून १९१६ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी ‘नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया’ हा प्रबंध सादर केला. परंतु त्या काळी कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी बहाल होत नसे, आणि छपाईला लागणारा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. तो विषय विस्तारून, नव्या नावाने, ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ म्हणून लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाकडून १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणून नावे दोन आणि साले वेगवेगळी. आपण फळ्यावर ‘प्रबंध १९१६, ग्रंथ १९२५, पदवी १९२७’ असे लिहिलेत तर क्रम स्पष्ट राहील.

ग्रंथाला त्यांचे कोलंबियातील गुरू प्रा. एडविन सेलिगमन यांची प्रस्तावना आहे आणि अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांना आहे. सेलिगमन हे सार्वजनिक आयव्ययाचे त्या पिढीतले मोठे अभ्यासक होते, त्यामुळे शिष्याने सरकारी जमाखर्चाकडे वळावे यात नवल नाही.

लंडनचा भाग अधिक खडतर आहे. १९१६ च्या शेवटी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले; चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा तेवढी त्यांनी मिळवली होती. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाल्याने गेली. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे जे भोगावे लागले ते सर्वज्ञात आहे. ती नोकरी त्यांनी काही महिन्यांतच सोडली. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांच्या आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या मदतीने ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

तेथील एम.एस्सी. जून १९२१ ची आणि डी.एस्सी. नोव्हेंबर १९२३ ची आहे. दोन्ही पदव्या अर्थशास्त्राच्याच आहेत. लंडन विद्यापीठ अर्थशास्त्राची गणना विज्ञानात करत असे एवढाच त्या नावांचा अर्थ. डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला होता. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला, तोवर पैसे संपले होते, म्हणून मुंबईला येऊन त्यांनी सुधारित प्रबंध ऑगस्ट १९२३ मध्ये पाठवला. तोच डिसेंबर १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने ग्रंथरूपाने आला.

टाकसाळकर :

पोथीशाळा यांनी तारखा लावून दिल्याच आहेत, पण विद्यार्थ्यांना नुसत्या तारखा सांगितल्या तर तासिका पदव्यांच्या यादीतच संपेल. त्या प्रबंधात वाद कशाबद्दल होता हे त्यांना कळायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८९३ पूर्वी कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. सोन्याच्या तुलनेत चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाचा विनिमयदर घसरला, आणि इंग्लंडमध्ये पौंडांत द्याव्या लागणाऱ्या देण्यांचा बोजा हिंदुस्थान सरकारला जड होऊ लागला. म्हणून १८९३ मध्ये टाकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. सरकारसाठी मात्र त्या उघड्या राहिल्या, आणि आंबेडकरांचे बोट नेमके येथे आहे. पुढे चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या फाउलर समितीने रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स ठरवून सोन्याचे नाणे चालू करण्याची शिफारस केली. ते नाणे काही आले नाही, आणि प्रत्यक्षात जी पद्धत रूढ झाली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात रुपया चालायचा, आणि परदेशी देणे भागवण्यासाठी सरकार ठरावीक दराने हुंड्या विकून रुपयाची सोन्याशी असलेली सांगड टिकवायचे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये आपल्या ग्रंथात या पद्धतीची भलामण केली होती.

तिशीतल्या आंबेडकरांनी या मताला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, रुपयाची सोन्याशी असलेली अदलाबदल स्थिर राहिली म्हणजे चलन सुदृढ झाले हा भ्रम आहे. सामान्य माणसाच्या दृष्टीने रुपयाने बाजारात किती माल येतो हे महत्त्वाचे, आणि ते रुपयांच्या एकूण संख्येवर अवलंबून असते. ही संख्या ठरवण्याचा अधिकार ज्याला रुपया पाडण्यात नफा मिळतो त्या सरकारच्याच हाती मोकळा ठेवला, तर भाववाढीला बांध राहत नाही. रुपयाच्या अंगच्या चांदीची किंमत त्याच्या दर्शनी मोलापेक्षा कमी होती, तेव्हा हा नफा काल्पनिक नव्हता.

लंडनमधील त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना हे सर्व पटले नव्हते आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी तसे स्वच्छ लिहिले आहे. जेथे लेखक चुकला असे वाटले तेथेही त्याच्या विचारांतला टवटवीतपणा जाणवला, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. प्रस्तावनाकार लेखकाशी असहमत आहे आणि लेखक ती प्रस्तावना तशीच छापतो, हे दृश्य आपल्याकडच्या प्रस्तावनांची सवय असलेल्यांना जरा अपरिचित वाटेल.

खडूफळा :

दोघांचेही आभार. सरकारसाठी टाकसाळी उघड्या राहिल्या हा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता. मग रिझर्व्ह बँकेविषयीच्या वाक्याचे काय करावे? आमच्या पाठांतराच्या वह्यांत ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जात आहे.

निवृत्त रोखपाल :

मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली आणि दर १४ एप्रिलला हे वाक्य भाषणांत ऐकले. मी स्वतःही ते उच्चारले आहे. नंतर मूळ कागद वाचल्यावर ते मला सैल वाटू लागले.

एडवर्ड हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष १५ डिसेंबर १९२५ रोजी झाली. त्यांच्या लेखी निवेदनातील मागण्या थोडक्यात अशा होत्या की, लोकांप्रमाणेच सरकारलाही रुपये पाडण्याची पूर्ण बंदी करावी, सोन्याच्या नाण्यासाठी टाकसाळ उघडावी, सोन्याचे नाणे आणि रुपया यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे, आणि दोन्ही अमर्याद कायदेशीर चलन (कितीही रकमेच्या देण्यासाठी स्वीकारावेच लागणारे) असले तरी सरकारने एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची हमी घेऊ नये. १९२६ च्या अहवालात आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सचा दर, नाण्याऐवजी सोन्याच्या लगडींवर आधारलेले परिमाण आणि रिझर्व्ह बँकेची स्थापना या शिफारशी केल्या. म्हणजे सोन्याचे नाणे खेळते ठेवण्याची आंबेडकरांची मुख्य मागणी आयोगाने मान्य केली नाही. मध्यवर्ती बँकेची कल्पनाही तेव्हा नवी नव्हती; त्याआधीच्या, चलनविषयक चेंबरलेन आयोगाच्या वेळी केन्स यांनी सरकारी बँकेचा आराखडा मांडला होता. पुढे १९२७ चे विधेयक बारगळले, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँकेचे काम सुरू झाले.

तेव्हा वर्गात असे सांगावे, असे मला वाटते : ज्या आयोगाने रिझर्व्ह बँकेची शिफारस केली त्याच्यापुढे आंबेडकरांनी चलनतज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, आणि चलन निर्माण करणाऱ्याच्या मर्जीला कायद्याची मर्यादा हवी हा त्यांचा आग्रह होता. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आयोगाला जे रुचणार नव्हते ते त्यांनी तेथे उभे राहून सांगितले. त्याच विषयावर त्यांनी मांडलेले आणखी एक निरीक्षण मला तर अधिक मोलाचे वाटते. रुपया स्वस्त झाल्याने व्यापारी आणि कारखानदार यांना होणारा फायदा हा राष्ट्राचा फायदा नव्हे, मजुरी भावांच्या मागे रेंगाळत असल्यामुळे तो मजुरांच्या खिशातून निघतो, असे ते सांगत होते. दर उतरावा अशी मागणी देशी व्यापारी वर्ग राष्ट्रहिताच्या नावाने जोरात करत होता त्या दिवसांत हे बोलणे सोपे नव्हते.

बांधावरची :

१९२५ नंतर अर्थशास्त्र सोडले का, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

विद्यापीठीय अर्थाने सोडले, हे खरे आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ची नवी आवृत्ती १९४७ मध्ये निघाली तेव्हा पुढचा खंड लिहिण्याचा त्यांचा मानस होता, पण तो खंड झाला नाही. मात्र विषय सुटला होता असे मला वाटत नाही. १९१८ मध्ये, सिडनहॅमला रुजू होण्याच्या वर्षीच, त्यांनी लहान शेतांच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडेजोड केली, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र केले, की शेती सुधारेल असा त्या काळचा सरकारी सूर होता. आंबेडकरांनी उलट विचारले की, शेत लहान की मोठे हे एकरांवरून कसे ठरवता? बैल, अवजारे, भांडवल आणि माणसे यांच्याशी त्या जमिनीचे प्रमाण काय, यावर ते ठरते. आणि आपल्याकडे जमिनीवर नको इतकी माणसे बसून आहेत, त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज बांध काढून काही साधणार नाही.

हा निबंध डोळ्यांसमोर ठेवून पुढची वर्षे वाचावीत. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर टीका केली ती अशी की, प्राप्तिकराला उत्पन्नाची किमान मर्यादा आहे, पण एखाद-दुसऱ्या एकराचा धनी पीक बुडाले तरी सारा भरतो. १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत (कुळे आणि सरकार यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत असण्याची पद्धत) रद्द करण्याचे विधेयक मांडले. माझे आजोळ कोकणातले आहे. खोताला द्यायच्या भाताचा हिशेब आजीच्या तोंडून ऐकलेला असल्याने त्या विधेयकातील कलमे मला कोरडी वाटली नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते, दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्याच वेळची. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर शेती हा सरकारी उद्योग असावा, विम्याची मक्तेदारी सरकारकडे असावी, आणि हे संविधानातच लिहावे, असे त्यांनी मांडले.

येथे एक अडचण मला दिसते आणि ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी अशी सूचना आहे. १९२३ मध्ये ज्यांना सरकारच्या हाती टाकसाळही मोकळी सोडवत नव्हती, ते १९४७ मध्ये सर्व शेतजमीन सरकारच्या हाती द्यायला कसे तयार झाले?

पोथीशाळा :

बांधावरची यांचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर शोधायला पीएच.डी.च्या ग्रंथाकडेच परत जावे लागेल, असे मला वाटते. प्रांतांना आधी ठोक रकमा नेमून देणे, मग काही महसूल तोडून देणे, आणि शेवटी महसुलात वाटा देणे, असे १८७१ पासूनचे तीन टप्पे त्यांनी त्यात मांडले आहेत; वाचताना तो भाग रटाळ वाटू शकतो. पण अखेरीस ते ज्या प्रश्नाशी येतात तो हिशेबाचा राहत नाही. प्रांतांना कितीही पैसा दिला तरी तो खर्च करणारा अंमलदार तेथील लोकांना जबाबदार नसेल, तर तो समाजसुधारणेवर खर्च होणारच नाही, असा त्यांचा रोख आहे. त्यांचा अविश्वास सरकारवर नव्हता, बेजबाबदार सरकारवर होता. १९२३ चे सरकार परके होते. १९४७ मध्ये ते प्रौढ मताधिकाराचे आणि न्यायालयात दाद मागता येईल अशा मूलभूत हक्कांचे राज्य गृहीत धरून लिहीत होते, आणि तरीही आर्थिक रचना साध्या बहुमताच्या हाती राहू नये म्हणून ती संविधानात लिहा असा त्यांचा आग्रह होता. टाकसाळीला कुलूप घालणारी वृत्ती त्या आग्रहातही आहे.

टाकसाळकर :

हे पटले, तरी अर्धेच. सरकार लोकनियुक्त असले तरी शेतीचा सरकारी उद्योग चालवणारा अंमलदार गावकऱ्यांना जबाबदार कसा राहणार, याचा तपशील त्या लेखनात नाही. तो प्रश्न वर्गात मोकळाच ठेवावा.

खडूफळा :

तासिका आता दोन करीन. पहिलीत तारखांचा फळा आणि १८९३ ची टाकसाळ. दुसरीत लहान शेतांचा निबंध, कारण माझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी दोन एकरांहून कमी जमीन आहे आणि बैल, अवजारे, माणसे यांचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. वह्यांतील रिझर्व्ह बँकेचे वाक्य निवृत्त रोखपाल यांनी सुचवल्याप्रमाणे बदलून देतो.