स्वयंपाकघरातल्या टाइल्स पोकळ वाजतात, मधल्या दरजाही (सांध्यातला भरलेला माल) निघतायत. काय करू?

नमस्कार मंडळी. घराचं काम होऊन वर्षही झालं नाही आणि स्वयंपाकघराच्या जमिनीने त्रास द्यायला सुरुवात केली. टाइल्स व्हिट्रिफाइड आहेत, वरून चकाकीचा थर, दोन बाय चार फुटी, विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून बसवलेल्या.

सिंकसमोर एका टाइलची कड शेजारच्या टाइलपेक्षा दोनेक मिलिमीटर वर आहे, अनवाणी चालताना बोटं आपटतात. फ्रीजकडे जाताना पायाखाली डबडब आवाज येतो आणि नेमकी तिथलीच दरज भुगा होऊन रोज केरात निघते. पुसलेलं पाणी ट्रॉलीच्या पायाशी साचतं ते वेगळंच.

मिस्त्री म्हणतो, "दरजा परत भरून देतो, बाकी वापरात बसेल." जमीन वापरून कशी बसते ते मला कळलेलं नाही. थोड्या टाइल्स शिल्लक आहेत. तेवढ्याच बदलाव्यात की सगळं उखडावं? वर आलेली कड घासून घेता येईल का?

प्रतिसाद

दरजा भरून घेऊ नका. टाइल हलते म्हणून दरज निघते, दरज निघाली म्हणून टाइल हलत नाही. एपॉक्सी (राळेचा कडक होणारा माल) भरलंत तरी तेही तडकेल.

कड घासायचा विचारही सोडा. चकाकीचा थर आणि त्याखालची छपाई फार पातळ असते, मशीन फिरवलं की कायमचा पांढुरका डाग. तसंही मोठ्या टाइल्स मधे किंचित फुगीर असतात. अर्ध्यावर सरकवल्या की एकीचं फुगलेलं पोट दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतं. म्हणून बऱ्याच कंपन्या खोक्यावरच लिहितात की एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नका. वाचतं कोण!

बसवताना खाली काय लावलं होतं? काही फोटो आहेत?

धागाकर्ता

फोनमध्ये एक सापडला. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मधे सिमेंटचे गोळे, बाकी मोकळं.

प्रतिसाद

मग निदान झालं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे साधं सिमेंट तिला धरत नाही. त्यात गोळ्यांच्या मधली जागा रिकामी. आज आवाज येतोय, उद्या जड भांडं पडलं की तिथेच तडा.

आता लाकडी मुठीने प्रत्येक टाइल ठोकून बघा आणि पोकळ भागावर चिकटपट्टी लावा. नुसता एखादा कोपरा पोकळ आहे, टाइल हलत नाही, दरजही शाबूत, तर तिला हात लावू नका. मग दोन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवून बघा. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर चढउतार खालच्या थरातच आहे. पाणी साचण्याचं कारण तेच असणार, आणि तिथे एकेक टाइल बदलून उपयोग नाही.

दुसरा प्रतिसाद

टाइल पातळीत असेल आणि फक्त पोकळ असेल तर दरजेत बारीक भोकं पाडून पातळ एपॉक्सी सोडतात. आमच्याकडे केलंय, टिकलंय. पण खाली सुटा भुगा असेल तर ते पकडत नाही, आणि वर आलेली कड त्याने खाली जात नाही.

काढायचीच असेल तर आधी चारही बाजूंची दरज कटरने पूर्ण मोकळी करून घ्या, नाहीतर शेजारचीची कड उडते. फोडायला मधून सुरुवात, कडेकडे जायचं. चष्मा लावायला सांगा, कपच्या काचेसारख्या उडतात. खालचा जुना माल खरवडून खोली मिळवल्याशिवाय नवीन टाइल पुन्हा वरच येईल. इथे मिस्त्री घाई करतात, तेव्हा समोर उभे राहा.

धागाकर्ता

ठोकून पाहिलं. सिंक ते फ्रीज पट्टा जवळजवळ सलग पोकळ आहे आणि पट्टीखाली फटही दिसते. ट्रॉलीखालच्या टाइल्स मात्र घट्ट आहेत. म्हणजे तेवढा पट्टा काढायचा, ट्रॉली तशीच ठेवायची, बरोबर? शिल्लक टाइल्स पुरणार नाहीत. आणि मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

प्रतिसाद

बरोबर. नवीन टाइल्स घेताना खोक्यावरची छटा आणि मापाचा क्रमांक जुन्याशी जुळवा. नाही जुळला तर शिल्लक आहेत त्या पट्ट्याच्या मधोमध घ्या, नव्या टाइल्स फ्रीजखाली ढकला.

मिस्त्रीला सांगा: पातळी आधी, टाइल नंतर. टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरायचं, दहा-बारा मिलिमीटर दातांच्या थापीने एकाच दिशेने ओढायचं. टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसून तिलाही पातळ हात मारायचा. पहिली टाइल दाबून झाली की उचलून दाखवायला लावा, पाठ सगळी भरलेली दिसली पाहिजे. भिंतीशी स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) थोडी फट मोकळी सोडायची, तिथे सिमेंट कोंबू द्यायचं नाही. दरजा भरायच्या दुसऱ्या दिवशी, आणि तोवर त्या पट्ट्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. फ्रीज आधीच बाहेर काढून ठेवा.