क्लिपशहॉर्न की अल्टेक ए७?

१२ बाय १५ फुटांच्या खोलीसाठी भोंगा (हॉर्न) असलेल्या या दोन स्पीकरांपैकी कोणता घ्यावा, असं विचारलंय. आधी खोलीचे कोपरे बघा. १९४६ सालचं क्लिपशहॉर्नचं डिझाइन भिंतींनाच भोंग्याचा शेवटचा भाग मानतं. कोपऱ्यालगत दार-खिडकी असली किंवा कॅबिनेट आणि भिंतीत बोटभर फट राहिली, तर खर्ज पातळ होतो. फटीत फोमची पट्टी दाबून बसवा. (क्लिपशहॉर्नच्या नव्या एके६ आवृत्तीची पाठ बंद आहे, तिथे हा त्रास कमी.) कोपरे चांगले मिळाले तर डग्ग्याचा घुमारा इतका स्वच्छ येतो की ए७ तिथवर पोचत नाही.

ए७ मुळात थिएटरसाठीचा. त्याचा खालचा भोंगा आखूड, म्हणून अगदी खालचे स्वर लवकर उतरतात. पण गाणाऱ्याचा गळा ऐकावा तो यावरच! मात्र उंच स्वरांसाठीचा वरचा भोंगा (मॉडेल ८११) टिचकी मारली तरी घंटेसारखा वाजतो. मोटारीच्या दाराला लावतात ती डॅम्पिंग शीट त्याला बाहेरून चिकटवा. मग खालचा आणि वरचा भोंगा जिथे सांधले जातात त्या ८०० हर्ट्झचा टोन लावून वरच्या भोंग्याच्या वायरी उलट जोडा आणि तो एकेक सेंटिमीटर मागे-पुढे सरकवा. तुमच्या बसायच्या जागी टोन सर्वांत क्षीण होईल तिथे खूण करून वायरी सुलट करा. ही जुळणी न करताच पुष्कळजण ए७ला कर्कश ठरवतात, ते चूक आहे.

दोन्हींना १० वॉट पुरतात, पण अँप शांत हवा. बारीकशी सळसळसुद्धा हे भोंगे खोलीभर पसरवतात.