चौकातल्या होर्डिंगवर किती मजकूर टाकावा?

प्रश्न: भर बाजारपेठेत महिनाभरासाठी होर्डिंग घेतोय. मालकांना पाच फोटो, पत्ता, सगळ्या सेवांची यादी आणि क्यूआर कोड हवाय. जागा एवढी मोठी आहे, भरली तर काय बिघडलं?

उत्तर: खूप बिघडतं. मी फ्लेक्सची डिझाइनं करते, आणि असा गच्च फलक पाहिला की जीव तुटतो. चालत्या गाडीतून माणूस जेमतेम काही सेकंद बघतो. सहा-सात शब्द, एक चित्र, एक नाव, बास. अक्षराचा ढोबळ हिशोब असा: दर 10 फुटांना 1 इंच उंची. 300 फुटांवरून वाचायचं तर अक्षर 30 इंची हवं. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर-खाली जागा खातात, जोडाक्षरं लांबून एकमेकांत मिसळतात, म्हणून मोकळा, ठळक फॉन्ट घ्या. पिवळ्यावर काळं उठून दिसतं. पांढऱ्यावर पिवळं अजिबात नको. आणि क्यूआर कोड गाडी चालवणाऱ्यासमोर ठेवू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

दुसरे सदस्य: पण सिग्नलला गाड्या थांबतात ना?

उत्तर: थांबतात, तिथे चार शब्द जास्त चालतील. मात्र फलक थांबलेल्यांच्या समोर येतो की पाठीमागे, हे आधी स्वतः उभं राहून बघा. मध्ये झाड किंवा तारा येतात का, तेही.

तिसरे सदस्य: सांगाड्याचं स्ट्रक्चरल सर्टिफिकेट आणि पालिकेचा परवानाही मागा. 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली.

उत्तर: अगदी बरोबर. कागद हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.