उजनीवर गळाची स्पर्धा: पेंड टाकून बसायचं की हिंडायचं?

पेंडवाला:
उन्हाळ्यात टेंभुर्णीच्या बाजूला उजनीवर आपण वीस-पंचवीस गळवाल्यांनी मिळून स्पर्धा घ्यायचं चाललंय. नियमांवरून आत्ताच दोन तट पडलेत, कुणी तर मासे शेवटी सोडायचे म्हणतंय, म्हणून माझं मत इथं मांडतो. चिठ्ठी टाकून जागा, पाच तास, जागा सोडायची नाही, शेवटी एकूण वजन. युरोपात ब्रीमच्या स्पर्धा अशाच होतात.

ब्रीम म्हणजे उंच पाठीचा, चपटा, कळपानं फिरणारा मासा. गाळात तोंड खुपसून खातो. त्याच्या मागं धावून उपयोग नसतो, त्याला आपल्यासमोर थांबवावं लागतं. सुरुवातीलाच भराभर चारा टाकून तळाला 'ताट' मांडतात. मग फीडर, म्हणजे चारा भरलेला छोटा पिंजरा, गळासोबत पुन्हा पुन्हा त्याच ताटावर टाकतात. अंतर चुकू नये म्हणून दोरा रिळाच्या क्लिपमध्ये अडकवतात. कळप आला की काठीचं टोक उडायला लागतं, पण तो घास नसतो. माशांची अंगं दोऱ्याला घासत असतात. तिथं झटका मारला की कळप उधळला. टोक वाकून तसंच राहिलं, तर उचलायचं. हा संयम ज्याच्याकडं आहे तो जिंकावा. आपल्याकडं शेंगदाण्याची पेंड आहे, कणीक आहे, गांडूळ आहे. आणखी काय पाहिजे?

बाभळीतला गळ:
मालक, वर्णन झकास, पण उजनीत ब्रीम कुठाय? आपल्या गळाला लागणार चिलापी. ती उन्हाळ्यात उथळ पाण्यात येते, नर तळाला खळगा करून त्याची राखण करतो. भूक नसली तरी खळग्याजवळ आलेल्या वस्तूवर तुटून पडतो. छोटा ल्यूअर, म्हणजे खोटं आमिष, त्याच्या नाकासमोरून न्या आणि बघा.

आणि ब्रीमचंच उदाहरण पाहिजे तर ऑस्ट्रेलियातलं घ्या. तिथला ब्रीम वेगळ्या कुळातला, खाडीतला. जेट्टीचे खांब, कालवं (शिंपले) वाढवायच्या चौकटी, दगडी बांध यांना चिकटून राहतो. स्पर्धक होडीतून खांबामागून खांब धुंडाळतात. दोरा अगदी बारीक, आणि मासा लागला की कालवांच्या धारेवर दोरा कापायच्या आत त्याला बाहेर ओढायचा. मोजतात फक्त पाच मासे. सहावा मोठा मिळाला की पिशवीतला सगळ्यात छोटा सोडायचा. म्हणून सकाळी पाच पुरे करायचे आणि मग दिवसभर मोठ्याच्या मागं लागायचं, असा डाव असतो. उजनीत पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. आपल्या कालवांच्या चौकटी त्याच. एका जागी पाच तास बसायचं तर मी घरी बसून भाकरी खाईन.

पेंडवाला:
भाऊ, नर खळग्यावर असताना त्याला डिवचून ओढायचा, यात कसब कसलं? आणि पिल्लांचं काय?

बाभळीतला गळ:
पाच तास पेंड चारण्यात तरी कसलं? आणि पिल्लांचं म्हणाल तर चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. नर उचलला म्हणून खळग्यातली अंडी उघडी पडत नाहीत. अंडी तोंडात असलेली मादी सहसा खातच नाही, त्यामुळं ती तुमच्या पेंडीलाही येणार नाही.

इंदापूरची सून:
दोघंही होडी आणि चारा यावर भांडताय, चिठ्ठीचा घोळ कुणी बघतच नाही. माझ्या वाट्याला वारा आदळणारा काठ आला तर खाणं वाहून तिथंच येतं, मासेही तिथंच. शेजारच्या आडोशाला आलेला कितीही हुशार असला तरी हरणार. फीडरच्या मोठ्या स्पर्धांत यावर तोडगा आहे: काठाचे विभाग पाडतात आणि प्रत्येकाला त्याच्या विभागातल्या क्रमांकाचे गुण मिळतात, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. सगळ्यात कमी गुणांचा संघ जिंकतो. मग डावही बदलतो. अख्ख्या धरणाशी नाही, डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी लढायचं. त्याला मोठे मासे लागत असतील तर आपण छोटे भराभर काढायचे. पेंडवाले काका, तुमच्या पद्धतीला माझं मत, पण विभाग पाडूनच.

जास्त पेंड ओतणाऱ्यांना आत्ताच सांगते, टाकलेला चारा परत काढता येत नाही. चिलापी पोट भरून निघून गेली की बसा तंगूस (गळाचा दोरा) धरून.

भीमाकाठचा:
माझे वडील उजनीत जाळी टाकतात. तुम्हाला पाच तासांत चार किलो मिळाले तर टाळ्या, आमच्या घरी त्याचा बाजार. चेष्टा करत नाही, पण दोन गोष्टी ऐका. होड्या घेऊन हिंडणाऱ्यांचे ल्यूअर आमच्या जाळ्यांत अडकतात, जाळं फाटतं ते आमचं. म्हणून हिंडायला माझा विरोध. काठावर बसा, निवांत बसा.

दुसरं, मासे शेवटी सोडायचे असं कुणीतरी म्हटलंय. युरोपात ब्रीम तिथलाच, सोडला तर बरोबर. चिलापी आफ्रिकेची, आपल्या देशात 1952 साली आणलेली. आज ती उजनीभर आहे आणि राहू, कटला, मरळ यांच्यासाठी जागा आकसली, असं आमच्या घरात तरी सगळे मानतात. राहू-मरळ लागली तर हळूच सोडा, चिलापी सोडू नका.

बाभळीतला गळ:
जाळ्याचं पटलं. होडी नको, पण काठानं चालायला तरी परवानगी द्या. दीड-दोनशे मीटरचा पट्टा प्रत्येकाला. आणि सोडण्याचं म्हणाल तर मला सोडायलाच आवडतं. स्पर्धा म्हणजे बाजारहाट नव्हे.

इंदापूरची सून:
पट्टा चालेल. पंधरा जण चालत सुटले तर एकमेकांच्या दोऱ्यात पाय अडकतील, तेवढं बघा.

पेंडवाला:
विभाग मान्य, पट्टाही मान्य, मी माझ्या पट्ट्यात एकाच ठिकाणी बसेन. पण भीमाकाठचा म्हणतो ते मला शंभर टक्के पटलंय. चिलापी परत पाण्यात टाकणार असाल तर वजनकाटा दुसऱ्या कुणाचा तरी आणा.