व्हिडिओ पाठवून काम संपत नाही

बेदरकार ड्रायव्हिंगच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, "व्हिडिओ पोलिसांना पाठवला की आपली जबाबदारी संपली." नाही हो, खरं काम तिथून पुढे असतं. विजापूर रोडवर उलट्या दिशेने आलेल्या डंपरने स्कूटरवरच्या मायलेकींना दुभाजकापर्यंत रेटलं, ते माझ्या डोळ्यांदेखत. नशिबाने दोघी वाचल्या. मी तक्रार दिली, पुढे साक्षही.

उलटतपासणीत वेगाबद्दल फारसं विचारलंच नाही. "तुम्ही नेमके कुठे उभे होता? मधे रिक्षा होती ना? मग नंबर कसा वाचला?" हेच फिरून फिरून. तेव्हा त्याच संध्याकाळी लिहिलेलं टिपण कामी आलं. स्मरणासाठी असं टिपण साक्षीत बघता येतं, पण ते समोरच्या वकिलालाही दाखवावं लागतं.

व्हिडिओ मूळ फोनमधून पुसू नका. प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. बेदरकारपणे गाडी चालवण्याला भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम २८१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. फारच तोकडं! म्हणून मोटार वाहन कायद्याचं धोकादायक ड्रायव्हिंगबद्दलचं कलम १८४ सुद्धा लावायची विनंती करा.

आणि समन्स आलं की कृपा करून जा. साक्षीदार फिरकत नाहीत म्हणून असे ड्रायव्हर सुटतात, याचा मला फार संताप येतो.