आई असलेल्या पोरांना अनाथ कशासाठी म्हणायचं?

ऊसमळा
काल रूबेन यांनी इथे लिहिलं की त्यांची बहीण, मेहुणे आणि दोन मुलं पुण्यातला फ्लॅट विकून मिशनच्या कामासाठी युगांडात गेली आहेत. जिंजाजवळच्या एका गावात ६० मुलांचा अनाथाश्रम बांधायला ती हातभार लावत आहेत, छपराच्या पत्र्यांसाठी मदत करा. खाली नमस्कारांची रांग लागली. मीही हात जोडणार होते, पण रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. २०११ ते २०१६ आम्ही त्याच भागात राहत होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा नवरा एड्सने गेला होता. ती स्वतः गोळ्या घेऊन धडधाकट होती. तिचा मधला मुलगा, आठ वर्षांचा, एका 'होम'मध्ये. कशासाठी? तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांची फी १९९७ पासून माफ आहे, पण वह्या, गणवेश, दुपारचं पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि घेवडा यांना पैसे लागतातच. होममध्ये सगळं फुकट.

एका रविवारी मी तिच्यासोबत गेले. त्याच दिवशी परदेशी पाहुणे आले होते. फाटकावरच्या माणसाने तिला सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत मागे चुलीकडे थांब. अंगणात मुलं ओळीने उभी राहून गाणं म्हणत होती. पोराने आईला पाहिलं आणि मान खाली घातली. तिने पदराला बांधावी तशी कापडात बांधून आणलेली भाजक्या शेंगदाण्यांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुम्ही द्या, तुम्हाला कोणी अडवणार नाही."

युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा बाप, एक जरी गेला तरी मूल अनाथ. त्यामुळे आफ्रिकेतल्या अनाथांचे जे आकडे पत्रकांवर छापतात, त्यातली बहुतेक मुलं कुणाच्या तरी घरात, आजीपाशी, मावशीपाशी आहेत. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ मध्येच लिहिलं होतं की जगभरच्या संस्थांमधल्या पाचपैकी चार मुलांचा आई किंवा बाप जिवंत असतो. पत्र्यांचे पैसे त्या आयांना द्या. मूल घरीच राहील.

रूबेन
ताई, तुम्ही एक वाईट होम पाहिलं आणि माझ्या बहिणीला त्याच रांगेत बसवलंत. ती काय करते ते सांगतो. पोरांच्या तळपायात फुंझा नावाच्या पिसवा शिरतात. ती रोज संध्याकाळी पाय मिठाच्या पाण्यात घेऊन एकेक पिसू पिनेने काढते. पोर रडतं, ती मांडीवर घेऊन बसते. तिथल्या आरोग्य केंद्रात एक बाई बाळंतपणात गेली, बाळाला न्यायला कुणीच आलं नाही. त्या बाळाला कुठल्या आजीकडे पाठवू?

लिलियन ट्रॅशर ही अमेरिकन बाई इजिप्तमध्ये अस्यूतला गेली. १९११ साली असंच मरत्या आईचं एक तान्हं बाळ तिने घरी आणलं आणि त्यातून आश्रम उभा राहिला. १९६१ मध्ये ती गेली तेव्हा त्या आश्रमात हजाराच्या वर माणसं होती. तिनेही व्याख्या वाचत बसायला हवं होतं का?

सह्याद्रीचा
मूळ मुद्दा सगळेच टाळत आहेत. हे लोक मुलं वाढवायला जात नाहीत, धर्म वाढवायला जातात. उपाशी पोराच्या हातात भाकरीसोबत बायबल द्यायचं, ही कसली सेवा? आपल्याकडे हेच झालं. १८९३ मध्ये पुण्यातल्या शारदा सदनातून, विधवा आणि मुलींच्या शाळेतून, धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. ते उगाच का?

केडगावची लेक
शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचं नाव न घेता त्यांच्यावर दगड मारलात, म्हणून मी घेते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं झाडपाला खात होती. तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. माझी पणजी त्यात होती, नऊ-दहा वर्षांची, डोक्यात जखमा आणि पोट पाठीला लागलेलं. रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, ती वाचायला शिकली, छापखान्यात टाईप जुळवायला शिकली. तिची पणती आज बँकेत अधिकारी आहे. त्या वेळी धर्म सांभाळून बसलेले लोक तिला भाकरी द्यायला का आले नाहीत?

सह्याद्रीचा
भाकरी दिली हे मान्य. धर्म का घेतला, एवढंच विचारतो. आणि दुष्काळात मदत करणारे काय फक्त मिशनरीच होते?

केडगावची लेक
घेतला नाही, तिने स्वीकारला, आणि आम्ही तो आनंदाने पाळतो. आमच्या चार पिढ्यांना अक्कल नव्हती, असं तुमचं म्हणणं आहे का?

पेठेतला
दोघांनीही शारदा सदनाचं दुसरं टोक सोडलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्येच ज्या विधवेशी लग्न केलं त्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी. त्या हिंदूच राहिल्या. आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव काय? अनाथ बालिकाश्रम! त्यातल्या कितीतरी विधवांचे आईबाप, भाऊ हयात होते. घरच्यांनी टाकलं म्हणून त्या अनाथ. ऊसमळाताई, युनिसेफच्या आधी आपणच हा शब्द असा वापरला आहे. टाकलेल्या माणसाला छप्पर लागतं.

ऊसमळा
पेठेतला, टाकलेली आणि गरिबीमुळे ठेवलेली, यात फरक नाही? माझ्या बाईने पोर टाकलं नव्हतं. ती दर रविवारी सात किलोमीटर चालत जायची. आणि धर्मावरून भांडणाऱ्यांनो, तुमच्या वादात तिचा मुलगा कुठेच नाही.

केडगावची लेक
एक गोष्ट मात्र आमच्या घरात कधी बोलली गेली नाही, ती इथे लिहिते. पणजीला एक भाऊ होता. रेल्वे स्टेशनवर दोघांची ताटातूट झाली. तो जगला का, तिचं गाव कुठलं, काहीच माहीत नाही. म्हातारपणी ती झोपेत त्याचं नाव घ्यायची, असं आजी सांगायची. हे ऊसमळाताईंच्या बाजूचं होतंय हे मला कळतंय, पण रमाबाईंबद्दलचा माझा शब्द मी मागे घेत नाही.

नैरोबीकर
मी इथे बांधकामात आहे. आणखी एक दुखणं सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी कुटुंबं विटा रचायला येतात. ओळंबा धरता येत नाही, भिंत पोट काढते, रात्री स्थानिक फुंडी, म्हणजे गवंडी, ती पाडून पुन्हा रचतो. त्या फुंडीला आठवडाभर रोज मिळाला असता तर त्याची पोरं शाळेत गेली असती. केनियाने २०१७ पासून नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आहे. रवांडाने तर १९९४ च्या नरसंहारानंतर भरलेले अनाथाश्रम रिकामे करून मुलं कुटुंबांत पाठवायचं धोरण २०१२ मध्ये घेतलं. हे पाश्चात्त्यांनी लादलेलं खूळ नाही, त्या देशांनी स्वतः ठरवलंय.

रूबेन
माझे मेहुणे सिव्हिल इंजिनिअर आहेत. भिंतीची काळजी करू नका.

अठरा पूर्ण
मी सहसा लिहीत नाही. मी मराठवाड्यातल्या एका बालगृहात वाढलो. वडील गेले होते, आई ऊसतोडीला. मारहाण नव्हती, जेवण वेळेवर होतं. शिकलो तेही तिथल्यामुळेच, हे आधी सांगतो. पण अठरा पूर्ण झाली त्या दिवशी माझी पत्र्याची पेटी फाटकाबाहेर आली. गावात गेलो तर आईचा चेहरा ओळखीचा, आणि बोलायला एक वाक्य सुचेना. ती मला "अहो" म्हणाली. माझ्या आईने मला अहो म्हटलं.

आता महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, मूल घरी ठेवायला दरमहा पैसे मिळतात. तेव्हा आमच्या तांड्यावर तसं काही कुणी सांगितलं असतं तर आईने मला सोडलं नसतं. रूबेनदादा, तुमच्या बहिणीला मी वाईट म्हणत नाही. तिला एवढंच विचारा, त्या ६० पैकी किती जणांच्या आया जिवंत आहेत?

सह्याद्रीचा
यात धर्मांतराचा प्रश्न सुटत नाही. पण तुमचं वाचलं.

रूबेन
काल रात्री बहिणीला फोन केला. अजून मुलं राहायला आलेली नाहीत, यादी झाली आहे. ६० मधल्या ४१ जणांची आई किंवा बाप गावातच आहे, तिने स्वतः मोजले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, मिशनच्या बैठकीत इमारत दिवसाच्या शाळेसाठी आणि जेवणासाठी वापरायचा विषय काढते, मुक्काम फक्त ज्यांना खरोखर कुणी नाही त्यांचा. वरचे लोक ऐकतील की नाही माहीत नाही, देणग्या अनाथाश्रमाच्या नावाने आल्या आहेत.

ऊसमळाताई, तुमचा सूर मला अजूनही आवडलेला नाही. पत्रे मात्र लागणारच आहेत. पावसाळा मार्चमध्ये सुरू होतो.

ऊसमळा
वीस पत्र्यांचे पैसे मी पाठवते. पण दिवसाच्या शाळेच्या नावाने पावती द्या.